तुरटीचा तारा आणि दुधाची घंटा : नाताळच्या झाडासाठी घरी करण्याजोगी सजावट

नाताळच्या झाडावर लटकणारा चकचकीत गोळा हीच मुळात रसायनशास्त्राची देणगी आहे. जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ भागात लाउशा नावाचे काच फुंकणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात पोकळ काचगोळ्यांना आतून चांदीचा पातळ लेप देण्याची पद्धत रुजली, आणि त्यामागे युस्टुस फोन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने आरशांसाठी विकसित केलेली प्रक्रिया होती. चांदीच्या क्षारांचा तो खेळ घरात मुलांबरोबर करण्याजोगा नाही. मात्र तुरटी, दूध, हळद आणि मीठ एवढ्या घरगुती जिनसांवरही झाड देखणे सजू शकते आणि सजवता सजवता पदार्थांच्या वागण्याविषयी पुष्कळ काही कळते.

आपल्याकडच्या झाडाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावा. किनारपट्टीवरील पुष्कळ घरांत सुरूची फांदी कुंडीत रोवून तिचेच नाताळचे झाड केले जाते. तिच्या डहाळ्या सुईसारख्या बारीक असतात आणि थोड्या वजनानेही वाकतात. म्हणून ३० ग्रॅमपेक्षा जड दागिना करू नये, आणि केलाच तर तो खोडालगतच्या जाड फांदीवर टांगावा. दुसरी गोष्ट वेळेची. हळदीचा कागद तासाभरात होतो, तुरटीच्या ताऱ्याला दोन रात्री लागतात, मिठाच्या पिठाला तीन दिवस आणि दुधाच्या घंटेला चार दिवस. झाड २४ डिसेंबरला पूर्ण सजवायचे असेल तर १५ तारखेच्या सुमारास कामाला लागावे, म्हणजे एखादा प्रयोग फसला तरी तो पुन्हा करायला अवधी उरतो. पहिला प्रयत्न बहुधा फसतोच, हे मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे.

तुरटीचा तारा

या सगळ्यांत माझा कल तुरटीकडे आहे, कारण तिचे स्फटिक मोठे, पारदर्शक आणि इतके रेखीव होतात की ते घरातल्या बरणीत तयार झाले यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. परदेशी कृतींमध्ये या कामासाठी सर्रास टाकणखार वापरतात. पण टाकणखार पोटात गेल्यास अपायकारक असतो आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असा तो घरात ठेवण्याची गरज नाही. मोरचुदाचे निळे स्फटिक दिसायला फार सुंदर असतात, तथापि ते विषारी असल्याने त्यांचाही मोह टाळावा. तुरटी आपल्या घरांत दाढीनंतर आणि गढूळ पाणी निवळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. अर्थात तीही खाण्याची वस्तू नव्हे, आणि खडीसाखरेसारखी दिसत असल्याने ती लहानग्यांपासून दूरच ठेवावी.

खरेदी करताना एक फरक पाहावा. काष्ठौषधींच्या दुकानात किंवा किराणा दुकानात मिळणारा स्वच्छ, अर्धपारदर्शक खडा म्हणजे पोटॅश तुरटी, आणि आपल्याला तीच हवी. पाणी शुद्धीकरणासाठी मोठ्या वड्यांच्या रूपात विकली जाणारी, मळकट पांढरी दिसणारी तुरटी बहुधा ॲल्युमिनियम सल्फेट असते. तिने गाळ खाली बसेल, पण स्फटिक काही धरणार नाहीत.

ताऱ्याच्या सांगाड्यासाठी तांब्याची किंवा लोखंडाची बारीक तार घेऊन तिचा साधारण सात-आठ सेंटिमीटर रुंदीचा तारा वळवावा आणि तिच्यावर पांढरी लोकर घट्ट गुंडाळावी. हस्तकलेच्या दुकानात मिळणारा मऊ लव असलेला पाइप क्लीनर असल्यास लोकरीची गरज नाही. लव किंवा धागा हवाच, कारण गुळगुळीत तारेवर स्फटिकांना पाय रोवायला जागा मिळत नाही. ताऱ्याच्या एका टोकाला दोरा बांधून तो पेन्सिलीला अडकवावा. ही पेन्सिल बरणीच्या तोंडावर आडवी ठेवली की तारा मधोमध लोंबकळेल. तारा बरणीच्या बुडाला किंवा भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर तो तेथेच चिकटून बसतो आणि काढताना तुटतो.

आता प्रमाण. पोटॅश तुरटी २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १४ ग्रॅम विरघळते, तर ५० अंशांना जवळपास ३७ ग्रॅम. सगळी गंमत या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. अर्धा लिटर पाण्यात १५० ग्रॅम तुरटी घेतली, तर गरम पाणी ती सहज सामावून घेते. पण तेच पाणी २० अंशांपर्यंत निवले की त्याला फक्त ७० ग्रॅम धरून ठेवता येते आणि उरलेल्या ८० ग्रॅम तुरटीला कुठेतरी घन रूपात बाहेर पडावेच लागते. ती बरणीच्या तळाशी न पडता ताऱ्यावर बसावी, एवढीच आपली खटपट असते. मुंबईत डिसेंबरातही खोलीचे तापमान पुण्या-नाशिकपेक्षा जास्त राहत असल्याने तेथे स्फटिक थोडे कमी मिळतात. बरणी शेवटचे काही तास फ्रिजमध्ये ठेवून ही उणीव भरून काढता येते.

तुरटी खलबत्त्यात कुटून घ्यावी आणि खलबत्ता नंतर नीट धुवावा, एरवी दुसऱ्या दिवशीची चटणी तुरट लागेल. स्टीलच्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात पूड टाकत ढवळावे. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असल्याने ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये. पाणी उकळण्याची गरज नाही. ६० ते ७० अंश पुरेसे आहेत, म्हणजे वाफ दिसू लागली की गॅस बंद करावा. हे काम मोठ्यांनीच करावे. सर्व पूड विरघळल्यावर द्रावण स्वच्छ सुती कापडातून गाळावे, कारण धुळीचा प्रत्येक कण हा नको त्या ठिकाणी स्फटिक सुरू होण्याचे निमंत्रण असतो. काचेची बरणी आधी कोमट पाण्याने विसळून मगच द्रावण ओतावे. थंड काचेत एकदम गरम पाणी पडल्यास ती तडकू शकते.

पहिल्या रात्री फक्त बीज धरायचे. तारा द्रावणात एकदा बुडवून बाहेर काढावा, त्यावर थोडी कोरडी तुरटीची पूड भुरभुरावी आणि तो रात्रभर वाळत टांगावा. सकाळी लोकरीवर साखरेसारखे बारीक कण चमकताना दिसतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्रावण पुन्हा गरम करून बरणीत भरावे आणि मग मात्र घाई करू नये. द्रावण फार गरम असताना तारा सोडला तर रात्रभर जपलेले बीज दोन मिनिटांत विरघळून जाते. वर दिलेल्या प्रमाणात द्रावण साधारण ४५ अंशांना तृप्त होते, म्हणजे त्यापेक्षा थंड झाल्यावर ते तुरटी बाहेर टाकू लागते. थर्मामीटर नसल्यास बरणी दोन्ही हातांनी सहज धरवेल इतपत निवेपर्यंत थांबावे आणि तेव्हा तारा अलगद सोडावा. त्याहून उशीर केला, तर तळाशी स्फटिकांची पेंड जमलेली असते आणि ताऱ्याच्या वाट्याला थोडेच येते.

बरणी टॉवेलात गुंडाळून, शक्य असल्यास थर्मोकोलच्या खोक्यात, जेथे कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावी. द्रावण जितके सावकाश निवेल तितके स्फटिक मोठे आणि संख्येने कमी होतात; भरभर निवले तर असंख्य बारीक कणांचा दहिवरासारखा थर बसतो. दोन बरण्या घेऊन एक टॉवेलात आणि दुसरी तशीच उघडी ठेवली, तर सकाळी हा फरक मुलांना कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय दिसतो. मला स्वतःला मोठ्या स्फटिकांचा तारा आवडतो, पण झाडावर दिव्यांच्या उजेडात बारीक कणांचाच तारा अधिक झगमगतो, हे कबूल केले पाहिजे.

सकाळी भिंग घेऊन पाहिल्यास प्रत्येक स्फटिकाला आठ त्रिकोणी बाजू असल्याचे लक्षात येईल, जणू दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडले आहेत. आपण सांगाडा हिमकणासारखा सहा टोकांचा केला तरी त्यावर वाढणारी तुरटी आपले अष्टफलक सोडत नाही, कारण तिच्या कणांची रचना तशी आहे. हिमकणाची सहा टोके मात्र बर्फाच्या स्वतःच्या रचनेतून येतात. हिमकण नेहमी षट्कोनीच का असतो, या प्रश्नावर योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली होती आणि गोळ्यांच्या दाट रचनेत त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला होता. झाडासाठी कागदी हिमकण कातरताना बहुतेक जण सवयीने कागदाच्या आठ घड्या घालतात; निसर्गात आठ टोकांचा हिमकण नसतो, तेव्हा घड्या सहाच्या घालाव्यात.

रंगीत तारा हवा म्हणून द्रावणात खाण्याचा रंग टाकण्याची कल्पना हमखास कोणीतरी मांडते. त्याने निराशाच पदरी पडते, कारण वाढणारा स्फटिक आपल्या रचनेत न बसणारे रंगाचे रेणू बहुतांशी बाहेरच ठेवतो आणि रंग द्रावणात उरतो. त्यापेक्षा सांगाड्यालाच लाल किंवा हिरवी लोकर गुंडाळावी. पारदर्शक स्फटिकांतून तो रंग फार छान दिसतो.

तयार तारा कागदावर वाळवून त्याला रंगहीन नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यावा. तुरटीच्या प्रत्येक स्फटिकात पाणी बांधलेले असते आणि उष्णतेने ते निघून जाऊ लागते. आयुर्वेदात तुरटी तव्यावर फुलवून तिची लाही करतात, ती याच पाण्यामुळे फुलते. म्हणून झाडावर तापणारे जुने बल्ब असतील तर तारा त्यांच्यापासून दूर टांगावा, अन्यथा काही दिवसांत तो पांढरट आणि ठिसूळ होईल. एलईडीच्या माळेची भीती नाही.

दुधाची घंटा

दूध विनेगरने नासवून त्याची घंटा करायची म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी अन्न वाया जाते म्हणून नाराज होतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे या प्रयोगासाठी आंबटसर वास येऊ लागलेले, चहालाही न चालणारे दूध बाजूला ठेवावे. मात्र त्यावरची साय पूर्ण काढून घ्यावी, आणि म्हशीच्या दुधापेक्षा गाईचे दूध घ्यावे. स्निग्धांश राहिला की गोळा तेलकट होतो, वाळताना भेगाळतो आणि आठवड्याभरात त्याला खवट वास येऊ लागतो.

पाव लिटर दूध हाताला चांगले गरम लागेल, पण उकळी फुटणार नाही इतके तापवून त्यात चार चहाचे चमचे पांढरे विनेगर घालावे आणि हलक्या हाताने ढवळावे. आधीच आंबलेल्या दुधाला त्याहून कमी पुरते. पांढरे गोळे आणि हिरवट पाणी वेगळे होताच ते कापडातून गाळून, थंड पाण्याने दोनदा धुऊन, घट्ट पिळून घ्यावे. येथवर ही कृती पनीरसारखीच आहे. दुधातले केसीन नावाचे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असते आणि त्या कणांवरील ऋण विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्लाने हा भार नाहीसा केला की कण एकमेकांना चिकटतात, आम्लतेचे माप असलेला पीएच ४.६ च्या आसपास आला की हे पूर्णत्वाला जाते. पाव लिटर गाईच्या दुधातून कोरडे केसीन जेमतेम सहा-सात ग्रॅम निघते, त्यामुळे दोन-तीन लहान घंटांपेक्षा अधिकाची अपेक्षा ठेवू नये.

गोळा कणकेसारखा मळून दोन बटर पेपरमध्ये अर्ध्या सेंटिमीटर जाडीचा लाटावा. कापण्यासाठी बिस्किटांचा साचा नसला तरी करंजीचे कातणे चालते, आणि नाताळच्या नेवऱ्या करणाऱ्या घरांत ते या दिवसांत हाताशी असतेच. दोऱ्यासाठीचे भोक ओले असतानाच काडीने पाडावे, कारण वाळल्यावर छिद्र पाडायला गेल्यास घंटा दुभंगते. वाळवणे सावलीत, जाळीवर, रोज एकदा उलटून करावे. उन्हात ठेवल्यास बाहेरचा थर आधी आकसतो आणि कडा वर वळतात. चौथ्या दिवशी घंटा नखाने टिचकी मारल्यावर टणक वाजते. त्यानंतर पोस्टर रंगाने रंगवावी.

हा केवळ मुलांचा खेळ नाही. १८९९ मध्ये जर्मनीत गॅलॅलिथ नावाने याच केसीनच्या प्लॅस्टिकचे पेटंट घेतले गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यापासून बटणे, पेनांची आवरणे आणि दागिने बनत राहिले. त्या कारखान्यांत केसीनला फॉर्मॅलिनमध्ये मुरवून कठीण करीत असत. आपण तसे करत नसल्याने आपली घंटा पाण्यात ठेवली तर पुन्हा मऊ पडते. झाडाला पाणी फवारण्याची सवय असेल, तर या घंटा तेवढ्या वेळापुरत्या उतरवून ठेवाव्यात.

हळदीचे लाल-पिवळे कागद

पारंपरिक पद्धतीने हळदीपासून कुंकू करतात, तेव्हा हळदीचा पिवळा रंग चुन्याच्या संगतीने लाल होतो. तेच तत्त्व येथे वापरायचे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते आणि अल्कलीत, म्हणजे चुना किंवा सोड्यासारख्या पदार्थात, लाल होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून एक चमचा हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये किंवा पातळ सॅनिटायझरमध्ये कालवून पाच मिनिटे ठेवावी आणि वरचा स्वच्छ पिवळा भाग निथळून घ्यावा. हे दोन्ही द्रव चटकन पेट घेतात, त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ न करता खिडकीपाशी करावे.

जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने हे पिवळे पाणी दोन्ही बाजूंनी लावून वाळवावे आणि त्याचे तारे, मेणबत्त्या, मासे जे हवे ते कापून घ्यावे. मग अर्ध्या वाटी पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने कागदावर नक्षी काढावी. काडी फिरेल तेथे गडद लाल रेघ उमटते. खाण्याचा सोडाही चालतो, पण त्याचा रंग नारिंगीकडे झुकतो. चूक झाली तर त्या जागी लिंबाच्या रसाचा थेंब लावावा, रेघ पुन्हा पिवळी होते. मुलांना नक्षीपेक्षा हे खोडरबरच जास्त आवडते. काही छापील कामाचे पांढरे कागद मुळातच किंचित अल्कधर्मी असतात आणि त्यांवर हळद लावताच सगळा कागद तांबूस दिसू लागतो, म्हणून आधी एका तुकड्यावर परीक्षा करून पाहावी. धुण्याच्या सोड्याने त्वचा कोरडी पडते, तेव्हा काम झाल्यावर हात धुवावेत. अंगावरच्या कपड्यांवर हळद सांडली आणि त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो, याने घाबरून जाऊ नये. नीट धुऊन उन्हात वाळवल्यावर तो बराचसा फिका होतो. याच कारणाने हे कागद झाडाच्या उन्हाकडील बाजूला टांगू नयेत, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

मिठाच्या पिठाविषयी थोडक्यात

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे पाणी घालून घट्ट मळलेल्या पिठाचे दागिने जगभर केले जातात आणि त्यांची कृती सर्वांना ठाऊक असते. ओव्हन असल्यास १२० अंशांवर दोन-तीन तास, नसल्यास तीन दिवस कडक उन्हात वाळवावे. कोकण, मुंबई, गोवा येथे एक अडचण हटकून येते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊ लागते आणि टणक झालेला दागिना रातोरात ओलसर होतो. त्यावर वाळल्याच्या दिवशीच, भोकाच्या आतल्या बाजूसह, व्हार्निशचे दोन हात देणे हा एकच उपाय आहे. घरात कुत्रा असेल तर हे दागिने खालच्या फांद्यांवर मुळीच टांगू नयेत. एवढे मीठ पोटात गेल्यास कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

झाड उतरवल्यावर

तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे ६ जानेवारीनंतर झाड उतरवताना सगळे दागिने एकाच खोक्यात भरू नयेत. मिठाचे दागिने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावेत, दुधाच्या घंटा कागदात गुंडाळून डांबराच्या गोळीशेजारी, नाहीतर झुरळे आणि उंदीर त्यांचा फडशा पाडतात. हळदीचे कागद जाड वहीच्या पानांत दाबून ठेवले तर अंधारात त्यांचा रंग बराच काळ राहतो. तुरटीच्या ताऱ्याला मात्र सिलिका जेलची संगत देऊ नये, ते त्याचे बांधलेले पाणी ओढू शकते. तो वर्तमानपत्रात गुंडाळून साध्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. एखादा तारा मोडलाच तर त्याचे तुकडे फेकू नयेत. ते नेलपॉलिशच्या टरफलासकट गरम पाण्यात टाकून गाळून घेतले की तुरटी जशीच्या तशी परत मिळते, आणि उरलेल्या द्रावणात मिसळून पुढच्या डिसेंबरात त्याच बरणीत पुन्हा लावता येते.